क्षेत्र आणि स्थळ : कुंकवाच्या गावातून काही जपानी छापचित्रे पाहताना

एम.ए.च्या वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना मी एकदा पडद्यावर एक जपानी छापचित्र दाखवले होते. कावासे हासुई या चित्रकाराचे, 1924 सालचे, किनोसाकी या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे ते चित्र. वर्ग बराच वेळ ते पाहत राहिला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, यात देव कुठे आहे?"

वर्गात हशा पिकला. विचारणारा विद्यार्थी ओशाळला. परंतु हसण्यासारखे त्यात काही नव्हते, हे मला त्याच क्षणी जाणवले. गरम पाण्याचे कुंड म्हणजे तीर्थ, तीर्थ म्हटले की देवस्थान आणि देवस्थानाचे चित्र म्हणजे देवाचे चित्र, ही त्याच्या मनातली साखळी आपल्या सर्वांच्याच मनात आहे. त्याने ती उघड बोलून दाखवली, एवढेच. त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या तासाला देऊ शकले नाही. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे उशिरा केलेले टिपण आहे.

प्रथम त्या चित्रांविषयी. जपानमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांचा मोठा बाजार उभा राहिला. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या चेरीच्या लाकडावर ते कोरी, छपाई करणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून हातकागदावर एकेक रंग उतरवी आणि या तिघांना कामाला लावणारा व नफातोटा सोसणारा असे तो प्रकाशक. आपण चित्राखाली चित्रकाराचे नाव वाचतो. प्रत्यक्षात ते चार माणसांचे काम असते. ही चित्रे सामान्य शहरी माणसाला परवडतील अशी स्वस्त होती. राजदरबारासाठी किंवा मठासाठी ती निघालेली नव्हती.

या चित्रांचा एक मोठा प्रकार म्हणजे प्रसिद्ध स्थळांची चित्रे. हिरोशिगे (1797–1858) याची तोकाइदो या राजमार्गावरच्या 53 मुक्कामांची मालिका 1833–34च्या सुमारास निघाली. दोन्ही टोके धरून ती 55 चित्रांची होते. याच हिरोशिगेने 1852 साली हाकोने परिसरातल्या सात गरम झऱ्यांची स्वतंत्र मालिका काढली. त्या काळी जपानमध्ये सामान्य माणसाच्या प्रवासावर निर्बंध होते; तथापि देवदर्शन आणि औषधी स्नान या दोन कारणांसाठी परवाना मिळे. साहजिकच गरम पाण्याची गावे प्रवाशांनी गजबजली आणि त्यांची चित्रे खपू लागली. जो जाऊन आला तो आठवण म्हणून चित्र घेई, जो जाऊ शकत नसे तो प्रवासाऐवजी घेई.

विसाव्या शतकात छायाचित्रांनी हा धंदा जवळजवळ बुडवला. तेव्हा वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने जुन्या पद्धतीला नवे चित्रकार मिळवून दिले. कावासे हासुई (1883–1957) हा त्यांपैकी एक. 1918 साली निघालेली त्याची पहिली तीन स्थळचित्रे शिओबाराची आहेत. शिओबारा हे गरम झऱ्यांचेच गाव. तेथे त्याची मावशी राहत असे आणि लहानपणी त्याचे तेथे जाणे-राहणे होते. म्हणजे एका चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचा आरंभ मावशीच्या गावापासून झाला. मामाच्या गावाला जाण्याची गाणी गात वाढलेल्या आपल्या पिढ्यांनी या गोष्टीची नोंद घ्यावी.

आता आपल्याकडे वळू. गरम पाण्याचे झरे महाराष्ट्राला कमी नाहीत. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, रायगडात महाडजवळ सव, रत्नागिरीत उन्हवरे, तुरळ, आरवली, राजवाडी, राजापूरच्या गंगेजवळचे उन्हाळे, जळगावात उनपदेव, नांदेडात किनवटकडचे उनकेश्वर. नावे नुसती वाचली तरी भाषेच्या अभ्यासकाचे कान टवकारतील. 'ऊन पाणी' हा आपला रोजचा शब्द या गावांच्या नावांत अजून वाहतो आहे. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी आधी पाणी पाहिले होते, ते हाताला कसे लागते ते पाहिले होते. देवकथा सहसा नंतर येतात. वज्रेश्वरीच्या परिसरातले ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, असे सांगतात. कथा सुंदर आहे, पण ती पाण्याविषयी नाही, देवीच्या पराक्रमाविषयी आहे.

आणि चित्रे? आपल्याकडे छपाईची यंत्रे आली तेव्हा चित्रांचा बाजार आपल्याकडेही उभा राहिला, तो काही लहान नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 साली पुण्यात चित्रशाळा काढली. 1894 साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. देवदेवता, पुराणातले प्रसंग, शिवाजी महाराज, पेशवाईतली माणसे अशी चित्रे घराघरांत पोचली. तंत्र होते, कारागीर होते, गिऱ्हाईक होते, रेल्वे होती. पंढरपूरला तर 1906 साली बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पोचली आणि यात्रेकरूंची सोय झाली. परंतु यात्रेहून परतणारा माणूस घरी घेऊन आला ते विठोबा-रखुमाईचे चित्र. चंद्रभागेचे वाळवंट, होड्या, फडाच्या राहुट्या, प्रसादाच्या चुरमुऱ्यांचे ढीग, बुक्क्याची दुकाने, पावसात भिजलेली पालखी यांचे चित्र भिंतीवर आले नाही. नाशिकहून गोदावरीचा घाट, तुळजापूरहून पायऱ्यांवरची गर्दी आली नाही. वज्रेश्वरीहून कुंडाच्या वाफेचे चित्र कोणी आणल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मला जो फरक करावयाचा आहे त्यासाठी मराठीत दोन शब्द आयतेच आहेत: क्षेत्र आणि स्थळ. क्षेत्राला माहात्म्य असते. स्थळाला हवामान असते. क्षेत्राला आपण जातो ते दर्शनासाठी आणि दर्शन झाले की बसस्थानकाकडे वळतो. स्थळ मात्र पावसाळ्यात वेगळे असते आणि उन्हाळ्यात वेगळे. तेथे कोणी राहते, कोणी राबते, कोणी दिवेलागणीला दार लावते. हिरोशिगे आणि हासुई यांनी स्थळाची चित्रे काढली. आपल्या छापखान्यांनी क्षेत्राची काढली, तीही क्षेत्राचा सगळा परिसर वगळून, फक्त गाभाऱ्याची.

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, ही तुलनाच अन्याय्य आहे. विठोबाचे चित्र देव्हाऱ्यात लावायचे असते, ते पूजेचे साधन आहे. जपानी छापचित्र चाळण्यासाठी, दाखवण्यासाठी होते. दोघांची कामे वेगळी. हे मला मान्य आहे. देवाच्या चित्राने घरोघरच्या बायकांना जे दिले ते कोणत्याही निसर्गचित्राने दिले नसते. ज्यांना गाभाऱ्यात प्रवेशच नव्हता, त्यांच्या भिंतीवर देव आणून ठेवण्याचे काम याच स्वस्त छपाईने केले. पंढरपूरच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रंगीत कागदाची किंमत कळते. म्हणून माझी तक्रार देवाच्या चित्राविषयी नाही. त्याच्या शेजारी दुसरे चित्र का लागले नाही, हा माझा प्रश्न आहे. जपानमध्येही देवळे होती, यात्रा होत्या, देवांची चित्रे होती. त्यांच्या बाजूला गावाचेही चित्र खपले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही छापचित्रे काही वास्तवाची प्रामाणिक नोंद नव्हेत. ती विक्रीसाठी होती, म्हणून गोड होती. न्हाणीघरातले शेवाळ, खानावळीतल्या मोलकरणींचे भेगाळलेले हात, कर्ज, आजार यांना तेथे फारशी जागा नाही. हासुईच्या चित्रांवर तर गतकाळाच्या ओढीची दाट सावली आहे आणि त्यांचा मोठा ग्राहकवर्ग परदेशी होता. हेही मान्य केले पाहिजे. चित्रातले स्थळ हेसुद्धा रचलेलेच असते. परंतु रचलेल्या चित्रालाही एक गुण असतो: ते एका ठिकाणी उभे राहून काढावे लागते. हासुई वह्या घेऊन गावोगाव फिरे. 1923च्या भूकंपात त्याच्या त्या सगळ्या वह्या जळाल्या, प्रकाशकाचे ठसेही जळाले. तो पुन्हा प्रवासाला निघाला आणि त्या प्रवासाच्या चित्रांतच किनोसाकीचे हे चित्र आहे. पुढे 23 मे 1925 रोजी उत्तर ताजिमाच्या भूकंपाने आणि आगीने किनोसाकी उद्ध्वस्त झाले. चित्रात जे गाव आहे ते चित्र निघाल्यावर जेमतेम वर्षभरात नाहीसे झाले होते. पुढे ते लाकडाने पुन्हा बांधले गेले आणि आजही तेथे लोक लाकडी खडावा घालून एका सार्वजनिक न्हाणीघरातून दुसऱ्याकडे चालत जातात. चित्रामुळे गाव वाचले असे मी म्हणणार नाही. मात्र काय हरवले ते सांगायला एक कागद शिल्लक होता. आपल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमाकाठची गावे गेली. करमाळा तालुक्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या आजी-आजोबांची घरे त्या पाण्यात आहेत. त्या गावांच्या वेशी, पार, घाट कसे दिसत होते हे सांगणारे चित्र किती घरांत असेल?

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या गावांना चित्रकारांइतकेच लेखकही लाभले. शिगा नाओया याला 1913 साली आगगाडीचा धक्का लागून अपघात झाला, तो बरा होण्यासाठी किनोसाकीला गेला आणि 1917 साली त्याने 'किनोसाकी येथे' ही कथा लिहिली. त्या कथेत एक मेलेली मधमाशी आहे, मरणाशी झगडणारा एक उंदीर आहे, चुकून मारली गेलेली एक पाणपाल आहे आणि मरता मरता वाचलेला एक माणूस आहे. नात्सुमे सोसेकीच्या 'बोच्चान'मधला तरुण मास्तर रोज गरम पाण्याच्या न्हाणीला जातो आणि गावातली पोरे त्यावरून त्याची टवाळी करतात. कावाबाताच्या 'हिमभूमी'ची नायिका अशाच एका झऱ्याच्या गावात पोट भरते. म्हणजे चित्राने जे वगळले ते कादंबरीने पाहिले. चित्र आणि कथा यांचा असा दुहेरी पहारा असला म्हणजे स्थळ सहसा निसटत नाही.

मराठी कथाकादंबरीने स्थळ पाहिले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. 'बनगरवाडी' आहे, 'गारंबीचा बापू' आहे. दि. बा. मोकाशींच्या 'पालखी'त तर क्षेत्राकडे जाणारा रस्ताच स्थळ झाला आहे. त्याही मागे जाऊ. महानुभावांची 'स्थानपोथी' आठवा. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ही नोंदवही. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, चौक कोठे, झाड कोठे, हे सर्व त्यात बारकाईने टिपलेले आहे. आपण ती पोथी पंथीय साधन म्हणून किंवा इतिहासाचे साधन म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. वास्तविक, जागेकडे इतक्या स्थिर नजरेने पाहणारे गद्य कोणत्याही भाषेला अभिमानाचे वाटावे. आणि ते गद्य भक्तीतून आलेले आहे. ज्या ओट्यावर देव बसला तो ओटा नेमका कोणता, हे कळण्याची ओढ त्यामागे आहे. 'यात देव कुठे आहे?' या प्रश्नाला स्थानपोथीकाराने दिलेले उत्तर असे की, देव येथे, या पूर्वेकडच्या दाराशी होता, म्हणून हे दार नीट पाहा. माहात्म्यग्रंथ आपल्याला जागेवरून उचलून कथेत नेतो. स्थानपोथी कथेतून जागेवर आणून उभे करते. आपल्या परंपरेत दोन्ही वाटा होत्या. आपण पहिली वाट राजमार्ग केली आणि दुसरी पाठ्यपुस्तकात ठेवून दिली.

याचा परिणाम काय झाला, तो मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत पाहते. 'माझे गाव' या विषयावर लिहायला सांगितले की पन्नासांतली चाळीस गावे निसर्गाच्या कुशीत वसलेली असतात, त्यांच्या शेजारून नदी खळाळत असते आणि गावात एक जागृत देवस्थान असते. लिहिणारा मुलगा ज्या गावातून येतो तेथे खळाळणारी नदी नसते. तेथे ऊस आणि ज्वारी असते, टँकर असतो, पत्र्याची शेड असते. हा मुलगा खोटे लिहीत नाही. त्याला आपले गाव लिहिण्याजोगे वाटत नाही, कारण त्याने ते कधी चित्रात पाहिलेले नाही.

आणि आता केमविषयी. सोलापूर–पुणे रेल्वेमार्गावर कुर्डुवाडी आणि जेऊर यांच्या दरम्यान हे स्टेशन लागते. गावात उत्तरेश्वराचे देवस्थान आहे. परंतु महाराष्ट्र केमला ओळखतो तो कुंकवासाठी, निदान ओळखायला हवा. हळदीवर क्षाराची प्रक्रिया केली की तिचा पिवळा रंग लाल होतो, हे कुंकवाचे जुने रसायन. आज बाजारातले पुष्कळसे कुंकू पिठूळ भुकटीला रंग देऊन तयार होते. येथून ते पोत्यांत आणि पुड्यांत भरून यात्रांच्या गावी जाते. क्षेत्राच्या दारात जो लाल ढीग दिसतो, जो देवीच्या पायांवर पडतो आणि परतताना पुडीत बांधून घरी येतो, तो अशा गावांतून आलेला असतो. क्षेत्राचा रंग स्थळात तयार होतो. देवीचे चित्र घरोघर आहे. कुंकवाच्या शेडचे चित्र कोठेही नाही.

त्या तासानंतर मी वर्गाला एक काम दिले. 'माझे गाव' हा निबंध नको. गावातली एकच जागा घ्या, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे येथपासून सुरुवात करा आणि तेथे कोण काय करते ते लिहा. स्थानपोथी लिहा, असेच सांगितले. बरेचसे लेखन जुन्या वळणावर गेले. एका मुलीने मात्र पानभर मजकूर दिला. तिची आई पुड्या भरायला जाते. शेडचे दार उत्तरेला आहे. संध्याकाळी आई घरी येते तेव्हा तिच्या नखांत, पापण्यांवर, लुगड्याच्या निऱ्यांत लाल असते. ती दाराबाहेर हातपाय धुते तेव्हा मोरीतून लाल पाणी वाहते. पानाच्या शेवटी एकच साधे वाक्य होते: वडील गेल्यापासून आई कपाळाला लावत नाही.

मी ते पान वर्गात वाचून दाखवले नाही. तसे करण्याचा मला अधिकार नव्हता आणि येथेही मी तपशील बदलूनच लिहिते आहे. मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर लेख आले. मी ते वाचले, त्यांवर बोललेही. परंतु शेडच्या उत्तरेकडच्या दारातून रोज लाल होऊन बाहेर पडणाऱ्या आणि कपाळ कोरे ठेवणाऱ्या बाईचा विचार मी, रोज टिकली लावून याच गावातून जाणारी प्राध्यापिका, तोवर केला नव्हता. मला ती दिसली ते एका मुलीने जागेचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे लिहिले म्हणून. विचाराने जेथे मी पोचले नव्हते तेथे वर्णनाने नेऊन पोचवले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. स्थळवर्णन हा आपण शाळेत सोडून दिलेला, हलका मानलेला प्रकार आहे; पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्याला सन्मानाने परत आणावे. 'स्थानपोथी' भाषेच्या नमुन्यासाठी शिकवतो, ती लेखनाच्या नमुन्यासाठीही शिकवावी. तिच्या शेजारी हिरोशिगेची सात झऱ्यांची मालिका आणि शिगाची कथा ठेवावी. जपानचे कौतुक म्हणून नव्हे, तर आपली सोडलेली वाट दुसऱ्या कोणी चालून दाखवली आहे हे कळावे म्हणून. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्यापूर्वी आपल्या गावातल्या एका जागेची नोंद करून ठेवावी. अशा शेदोनशे नोंदी एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बांधून ठेवल्या, तर तो कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा अधिक उपयोगी दस्तऐवज होईल. त्यांतल्या बहुतेक सामान्य असतील. हिरोशिगेच्याही सगळ्याच चित्रांना कोणी श्रेष्ठ म्हणत नाही.

त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने पुढे आपल्या वस्तीवरच्या बारवेविषयी लिहिले. बारवेला किती पायऱ्या आहेत, पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या पायरीला असते, हे त्याने आजोबांना विचारून नोंदवले. सर्वांत खालच्या पायरीजवळ एक कोनाडा आहे, त्यात शेंदूर लावलेला दगड आहे. पाणी खूप उतरले तरच तो दिसतो. चित्रात देव कुठे आहे, असे त्याने पुन्हा विचारले नाही.